प्राणी काय करतो ते आधी लिहा, का करतो ते मग

संपादक महोदय,

भटकी कुत्री, देवस्थानांवरची माकडं आणि उसातून वस्तीत येणारे बिबटे यांच्या बातम्या आपल्या अंकात सतत येतात. यायलाच हव्यात, कारण हे नाशिकचं रोजचं जगणं आहे. पण त्या वाचताना एक गोष्ट मला कायम खटकते. कुत्रा 'पिसाळला', माकड 'चिडलं', बिबट्या 'चवताळला' एवढं कळतं. जनावराने नेमकं काय केलं, त्याच्या आधीच्या मिनिटात काय घडलं, माणूस किती अंतरावर होता, हातात काही होतं का, वेळ कोणती होती, हे क्वचितच सापडतं. मी नाशिकमध्ये मानसशास्त्र शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली. आता पंचवटीत राहते आणि सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फिरायला जाते. 2027 चा सिंहस्थ जवळ येतो आहे, म्हणून हे पत्र.

माझी मागणी साधी आहे. गोदाघाटावरच्या प्राण्यांच्या वर्तनाची पद्धतशीर नोंद आतापासून सुरू व्हावी आणि शहरातल्या मानसशास्त्र विभागांनी ते काम अंगावर घ्यावं. कुंभाच्या काळात 'गर्दीमुळे कुत्री आक्रमक झाली' असं म्हणायला सगळे पुढे येतील. गर्दी नसताना ती कशी वागत होती हे कुणी लिहूनच ठेवलं नसेल, तर त्या म्हणण्याची शहानिशा कशी करणार? ही आधीची नोंद नंतर मिळवता येत नाही. वेळ गेली की गेली.

'मानसशास्त्राचा आणि कुत्र्यांचा काय संबंध?' हा प्रश्न मी ऐकलेला आहे, तोही परीक्षेच्या टेबलावर. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आपल्या गल्लीतली कुत्री निवडली होती. तिच्या वहीतलं एक पान मी उतरवून ठेवलं आहे:

'सकाळी 6.40. पांढऱ्या पायांची मादी. उभी. कान पुढे. शेपटी पाठीच्या रेषेत, हलत नाही. सायकलवाला सुमारे दहा पावलांवर. 6.41. मादी चार पावलं पुढे आली, तीनदा भुंकली. सायकल थांबली नाही. 6.42. मादी वळली, दुकानाच्या पायरीशी बसली. 6.44. पुढच्या पंज्यांवर डोकं, डोळे उघडे.'

पानभर कुठेही राग नाही, भीती नाही, राखण नाही. मादी रागावली होती की घाबरली होती, हे ठरवायला लागणारा सगळा ऐवज मात्र त्यात आहे. उद्या दुसऱ्या कुणाला वेगळं वाटलं तर त्यालाही तेच पान वापरता येईल. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही चाळली आणि 'हे प्राणिशास्त्राकडे न्या, इथे प्रश्नावली भरून आणायची असते' असं सांगून गुण कापले. मुलगी रडली नाही, पण पुढच्या वर्षी तिच्या मैत्रिणींपैकी एकीनेही निरीक्षणाचा प्रकल्प घेतला नाही.

त्या परीक्षकांना मी तेव्हा जे सांगितलं ते इथेही सांगते. आपल्या पाठ्यपुस्तकातलं अध्ययनाचं प्रकरण उघडा. पावलोव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजरं, स्किनरची कबुतरं आणि उंदीर. मुलं त्या कुत्र्यावर पंधरा गुणांचं उत्तर लिहितात आणि तीन वर्षांत एकाही कुत्र्याकडे पाच मिनिटं वही घेऊन बघत नाहीत. लॉइड मॉर्गन हा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आपल्या टोनी नावाच्या फॉक्स टेरियरचं उदाहरण देत असे. टोनी फाटकाच्या गजांमधून डोकं घालून कडी वर उचलायचा आणि बाहेर पडायचा. आलेला पाहुणा म्हणणार, कुत्र्याला कडीचं तत्त्व कळतं. पण मॉर्गनने सुरुवातीपासून पाहिलं होतं. टोनी गजांमधून रस्त्याकडे डोकावत असताना एकदा कडी योगायोगाने वर गेली, आणि पुढे कित्येक चुकीच्या खटपटींनंतर ती हालचाल हळूहळू पक्की झाली. शेवटचाच क्षण पाहणाऱ्याला अक्कल दिसते, सगळा प्रवास नोंदवणाऱ्याला शिकणं दिसतं. साध्या प्रक्रियेने वर्तनाचा उलगडा होत असेल तर वरच्या पातळीची बुद्धी गृहीत धरू नये, हा त्याचा 1894 मधला दंडक आजही शिकवला जातो. चार वर्षांनी, 1898 मध्ये, थॉर्नडाइकने मांजरांना खटक्यांच्या पेटीत ठेवून दर खेपेला बाहेर पडायला किती वेळ लागला ते मोजलं, आणि त्यावरून त्यांच्या शिकण्याचे आलेख काढले.

आता पद्धतींकडे येते, कारण खरा मुद्दा तिथे आहे. 'बघायला काय लागतं?' असं वाटतं. कुणाकडे आणि कधी बघायचं हे आधी ठरवलं नसेल, तर डोळा नेहमी भांडणाकडे जातो. घाटावर पंधरा कुत्री पसरली असतील, त्यातली दोन एकमेकांवर गुरगुरत असतील, तर सगळे त्या दोघांकडेच बघतात. उरलेली तेरा झोपलेली होती, ही नोंद कुणाच्याच मनात राहत नाही. शोधकार्यात या मनाला येईल तशा नोंदीला 'अ‍ॅड लिब' म्हणतात. प्राण्यांची तोंडओळख होईपर्यंत किंवा एखादी दुर्मीळ घटना टिपायला ती उपयोगी आहे. तिच्यावरून प्रमाण काढायला गेलात की फसगत ठरलेली. आपल्या शहराची जनावरांबद्दलची बहुतेक मतं अशाच नोंदीवर उभी आहेत.

जीन आल्टमन यांनी 1974 मध्ये 'बिहेवियर' या नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहिला. मूळ ओढा गणिताचा, आणि अभ्यास केनियातल्या अंबोसेलीच्या बबून माकडांचा. नोंदीच्या कोणत्या पद्धतीने कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळू शकतं आणि कोणत्याचं मिळूच शकत नाही, हे त्यांनी एकेक पद्धत घेऊन दाखवलं. पन्नास वर्षं उलटली तरी प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारा माणूस त्या लेखापासूनच सुरुवात करतो.

त्यातल्या दोन पद्धती घाटासाठी पुरेशा आहेत. पहिली, स्कॅन. यशवंतराव महाराज पटांगणाच्या कडेला एक जागा धरायची. दर दहा मिनिटांनी डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि दिसेल त्या प्रत्येक कुत्र्यापुढे त्या क्षणी तो काय करतो आहे त्याची खूण करायची: झोप, बसणं, चालणं, खाणं, इतर कुत्र्याशी संबंध, माणसाशी संबंध. दिशा ठरलेली हवी, नाहीतर नजर पुन्हा आधी भांडणावर जाते. दिवसाचा किती भाग कशात जातो हे यातून कळतं. पण क्षणभराचं भुंकणं किंवा चावा यातून निसटतो.

दुसरी, फोकल. यात एकच प्राणी निवडून ठरलेला वेळ, समजा पंधरा मिनिटं, फक्त त्याच्याकडे बघायचं. प्राणी घरूनच चिठ्ठ्या टाकून निवडून यायचा, कारण घाटावर गेल्यावर निवडलात तर देखणा, धीट किंवा जवळ येणाराच निवडला जातो. तो चहाच्या टपरीमागे गेला तर 'दिसत नाही' असं लिहायचं आणि तेवढी मिनिटं हिशेबातून वजा करायची. 'दिसत नाही' हा शब्द वहीत नसेल, तर ती वही मी तपासायलाही घेत नाही. जगातला कुठलाच प्राणी सलग पंधरा मिनिटं निरीक्षकाच्या सोयीने समोर राहत नाही.

चावा, पाठलाग यांसारख्या ठळक पण विरळ घटनांसाठी वेगळा माणूस लावून त्या जागेतल्या सगळ्याच्या सगळ्या घटना टिपाव्यात. 'पंधरा मिनिटांत भुंकला का, हो की नाही' अशा खुणांचा तक्ता भरायला सोपा वाटतो, पण त्यात एकदा भुंकलेला आणि सतत भुंकत राहिलेला असे दोन्ही कुत्रे सारखेच ठरतात. आल्टमन यांनी या पद्धतीबद्दल स्पष्ट सावध केलं आहे. आपल्याकडचे प्रकल्प मात्र बहुतेक तिच्यावरच चालतात.

वर्तनाची यादी, म्हणजे इथोग्राम, काम सुरू होण्याआधी लिहून ठेवावा लागतो. झोप म्हणजे काय? डोकं टेकलेलं आणि डोळे मिटलेले. डोकं टेकलेलं पण डोळे उघडे असतील तर ती विश्रांती. दोन्ही गोष्टी काही काळ चालणाऱ्या, म्हणून त्यांचा कालावधी मोजायचा. भुंकणं ही घटना आहे, ती किती वेळा झाली ते मोजायचं. आणि दोन भुंकण्यांत किती सेकंदांचा खंड पडला की नवी नोंद धरायची, तेही आधीच ठरवायचं. एका वर्तनाची व्याख्या दुसऱ्यावर चढता कामा नये. हे काम किचकट आहे आणि विद्यार्थी त्याला कंटाळतात, पण सगळ्या अभ्यासाची भिस्त त्याच्यावर असते.

नाशिकच्या घाटासाठी एक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही. बुधवारी गंगेवर बाजार भरतो. भाजीचे ढीग, पायाखालचा पाला, माणसांची रेटारेटी, हातगाड्या. एखाद्या विभागाचं वेळापत्रक असं पडलं की प्रात्यक्षिकाचा तास नेमका बुधवारी, तर त्यांच्या वहीतली कुत्री ही बाजाराची कुत्री असतील, घाटाची नव्हेत. तसंच सकाळचं. रामकुंडावर दशक्रिया विधी सकाळी चालतात, पिंडाच्या भाताभोवती कावळे, कुत्री, गायी जमतात. दुपारी त्याच पायऱ्यांवर वेगळंच चित्र असतं. म्हणून नोंदीच्या वेळा आठवड्याच्या सगळ्या वारांवर आणि दिवसाच्या सगळ्या प्रहरांवर चिठ्ठ्या टाकूनच वाटायला हव्यात, निरीक्षकाची झोप आणि बसची वेळ पाहून वाटून चालणार नाही.

नोंद करायला दोघं हवेत, आणि दोघांनी एकमेकांच्या वहीत डोकावायचं नाही. नंतर दोन्ही वह्या जुळवायच्या. 'आमची 88 टक्के नोंद जुळली' असं विद्यार्थी आनंदाने सांगतात. समजा शंभर नोंदींपैकी दोघांनीही प्रत्येकी नव्वद वेळा 'झोप' लिहिलं. कुत्री दिवसा झोपतातच. मग दोघांनी डोळे मिटून, नव्वदास दहा या प्रमाणात अंदाजपंचे खुणा केल्या असत्या तरी 82 नोंदी योगायोगाने जुळल्या असत्या. खरी कमाई त्या 82 च्या वरची, म्हणजे उरलेल्या 18 पैकी 6. हे प्रमाण 0.33 येतं. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला 'कप्पा' तो हाच, आणि 0.33 हा आकडा कमजोर आहे. अशा वेळी दोघांनी बसून व्याख्या पुन्हा घासूनपुसून घ्यायच्या आणि मगच पुढे जायचं.

याहून अवघड आहे ती निरीक्षकाची अपेक्षा. बर्लिनमधला 'हुशार हान्स' नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवतो, अशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्ट यांनी 1907 मध्ये दाखवलं की प्रश्नकर्त्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. बरोबर आकड्याशी आल्यावर प्रश्नकर्त्याच्या डोक्याची नकळत होणारी बारीक हालचाल घोडा टिपत होता. 1963 मध्ये रोझेंथाल आणि फोड यांनी विद्यार्थ्यांना एकाच जातकुळीचे उंदीर दिले. काहींना सांगितलं हे हुशार वाणाचे, काहींना सांगितलं हे मठ्ठ वाणाचे. तथाकथित हुशार उंदरांचे निकाल सरस आले. फरक उंदरांत नव्हता, त्यांना हाताळणाऱ्यांच्या मनात होता.

हे आपल्या गावाला थेट लागू आहे. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. 'निर्बीजीकरणाने कुत्री शांत होतात' किंवा 'होत नाहीत' असं आधीच मानणाऱ्या निरीक्षकाला ती खाच लांबूनच दिसते, आणि तेच गुरगुरणं एका कुत्र्याबाबत 'खेळ' तर दुसऱ्याबाबत 'हल्ला' म्हणून वहीत उतरतं. यावर उपाय आहे. नोंद करणाऱ्याला अभ्यासाचा प्रश्न सांगूच नये. त्याने फक्त शरीर काय करतं ते लिहावं, आणि कानाची खाच दुसऱ्याने वेगळ्या कागदावर टिपावी. शक्य असेल तिथे मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावं आणि नंतर संथ गतीने पाहून खुणा कराव्यात. इटलीतल्या तुरीन विद्यापीठात तयार झालेलं 'बोरिस' हे सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळतं. महाविद्यालयाच्या साध्या संगणकावर ते चालेल.

एक धोका वही-पेन्सिलने टळत नाही. बघणाराच प्राण्याचं वागणं बदलतो. जेन गुडॉल यांनी 1960 पासून टांझानियातल्या गोम्बेत चिंपांझींचा जो अभ्यास केला त्याला तोड नाही. पण चिंपांझी जवळ यावेत म्हणून तिथे केळी ठेवली जाऊ लागली, आणि केळ्यांच्या जागेभोवती भांडणं वाढली. पुढे खायला घालण्याची ती पद्धत आवरती घ्यावी लागली. त्र्यंबकला आणि सप्तशृंग गडावर माकडांपुढे केळी, फुटाणे धरणारे भाविक मी पाहते, तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही. तिथली माकडं 'हिसकावतात' हे खरं. पण हिसकावलं त्या वेळी पिशवी उघडी होती का, आधी कुणी खायला दिलं होतं का, माकड नर होतं की पिल्लू कवटाळलेली मादी, हे न लिहिता 'उपद्रवी माकडं पकडा' म्हणणं अन्यायाचं आहे. माकडावरही आणि ज्याला चावा बसला त्याच्यावरही, कारण खरं कारण तसंच राहतं आणि पुढच्या आठवड्यात दुसरा कुणी चावला जातो.

बिबट्यांबाबत तर शेजारच्या अकोले तालुक्यानेच धडा घालून दिला आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेतांत, उसात कॅमेरे लावले आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखला. 2013 मध्ये छापून आलेला त्यांचा अंदाज दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे असा होता, तोही माणसांनी गजबजलेल्या, राखीव जंगल नसलेल्या भागात. त्याच परिसरातल्या बिबट्यांची विष्ठा तपासली, तर खाण्यात वजनाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा 11 टक्केच. गावात विचारलं असतं तर बोलणं शेळीचंच झालं असतं, कारण शेळीला मालक असतो, पंचनामा असतो, भरपाई असते. रस्त्यावरचा कुत्रा नाहीसा झाला तर त्याची दाद मागायला कुणी येत नाही. बिबट्या डोळ्यांना दिसत नाही तेव्हा तो काय करतो, हे कॅमेरा आणि विष्ठा सांगतात. विद्यार्थ्यांनी बिबट्याच्या मागे जावं असं मी मुळीच म्हणत नाही. वन्यप्राण्यांचं काम वन विभागाच्या परवानगीनेच आणि जाणत्यांनीच करायचं. घाटावरची कुत्री, कबुतरं, गायी विद्यार्थ्यांना पुरेशी आहेत.

आकड्यांबाबत एवढंच सांगते. पाच कुत्र्यांच्या हजार नोंदी म्हणजे हजार कुत्री नव्हेत. एकाच कुत्र्याच्या नोंदी एकमेकींशी बांधलेल्या असतात. शोधनिबंधात 'एन बरोबर हजार', म्हणजे नमुन्यात हजार प्राणी, असं लिहून आलेलं मी वाचलं आहे, आणि ते मान्य करणारे मार्गदर्शकही पाहिले आहेत. हे थांबायला हवं.

आपल्याकडूनही माझी एक अपेक्षा आहे, संपादक महोदय. आपल्या बातमीदारांनी अशा घटनेच्या बातमीत वेळ, नेमकी जागा, माणूस आणि जनावर यांच्यातलं अंतर, हातात खाणं होतं का, सोबत पिल्लं होती का आणि जनावराने आधी काय केलं, एवढं जरूर विचारावं. यात जागा फार जात नाही. वर्षभरात असा संग्रह जमला तर महापालिकेला, डॉक्टरांना आणि आम्हा मानसशास्त्राच्या लोकांना तो कुठल्याही सर्वेक्षणाहून उपयोगी पडेल. आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर बसणाऱ्यांना विनंती, की प्रात्यक्षिकाच्या यादीत प्रश्नावलीच्या शेजारी थेट निरीक्षणाचं एक तरी प्रात्यक्षिक घालावं आणि त्याचे गुण वहीवर द्यावेत, सुबक निष्कर्षावर नव्हे.

पितृपक्षात रामकुंडावर गर्दी वाढते आणि घाटावरचं सगळं खाणं-पिणं बदलतं. त्याआधीचे साधे, बिनगर्दीचे आठवडे नोंदीसाठी सर्वांत मोलाचे आहेत. एका पानाचा तक्ता, इथोग्राम आणि वेळांच्या चिठ्ठ्या मी तयार केल्या आहेत, त्यांची एक प्रत या पत्रासोबत जोडली आहे. ज्या महाविद्यालयाला हवी असेल त्यांनी ती आपल्या कार्यालयातून न्यावी. निरीक्षकांच्या पहिल्या जोड्या तयार करायला, व्याख्या पक्क्या करायला आणि वह्या जुळवायला मी स्वतः घाटावर येईन.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
पंचवटी, नाशिक